थेंबांचा फोन

प्रयाग, परवा वसमतला तुझी शोकसभा झाली आणि वक्त्यांनी तुला एकमताने डोळ्यांची डॉक्टर करून टाकलं. एकाने तर तू गावोगावी शिबिरं घेऊन मोतीबिंदूची ऑपरेशनं केलीस असं सांगितलं. आयुष्यभर तू उंदराखेरीज कुणाच्या डोळ्यात डोकावली नाहीस, हे तिथं सांगायची सोय नव्हती. माइक गहिवरलेल्या लोकांच्या हातात होता आणि गहिवरलेला माणूस माइक सहसा सोडत नाही. मागे तुझा फोटो होता, कुठल्याशा परिषदेतला, गळ्यात ओळखपत्राची पट्टी अडकवलेला. खाली ‘दृष्टिदात्री’ असं छापलं होतं. तू ते वाचलं असतंस तर चष्मा काढून पदराने पुसत बसली असतीस, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं की दोष काचेचाच आहे.

मलाही बोलायला सांगितलं होतं. जन्मभर शाळेत मराठी शिकवलेली बाई, त्यात तुझी बालमैत्रीण. कार्यक्रमपत्रिकेत माझी जागा ठरलेलीच. मी घसा बसल्याचं कळवलं. घसा चांगला होता. पण जे सांगायचं ते तुला सांगायचं होतं, आणि सभेला तू सोडून सगळे हजर होते.

तुझे भाऊ, गंगाधरदादा, पहिल्या रांगेत होते. मान किंचित डावीकडे वळवून बसले होते, कारण त्यांच्या उजव्या डोळ्यात जी फट उरली आहे ती तशीच बसल्यावर समोर येते. डावा तर केव्हाच गेला. सभा संपल्यावर मी त्यांना हाताला धरून बाहेर आणलं आणि सहज विचारलं, थेंब टाकताय ना? ते पायाने चप्पल चाचपत होते. “फोनच येत न्हाई ना आता, ताई,” ते म्हणाले. तक्रार म्हणून नाही. लाइट गेली म्हणून मोटार बंद आहे, असं सांगावं तसं.

म्हणजे तू गेल्यापासून त्या डोळ्यात औषध गेलेलं नाही. आणि काचबिंदू सुतक पाळत नाही. जे दिसायचं गेलं ते परत येत नाही, थेंब फक्त उरलेलं राखतात. हे मला तूच शिकवलं होतंस. घरी येऊन मी बराच वेळ तुझ्यावर चिडून बसले. मेलेल्या माणसावर चिडण्यात एक सोय असते, ते उलटून बोलत नाही. तुझ्या बाबतीत मला ती सोय नको होती.

तुझं हे डोळ्यांचं खूळ कधीपासूनचं, ते मला माहीत आहे. अकरावीत असताना तू खाटकाकडून बकऱ्याचे डोळे आणलेस, पळसाच्या पानात बांधून, आणि आमच्या परसातल्या धुण्याच्या दगडावर एक डोळा ब्लेडने उभा कापलास. मी तोंड फिरवलं होतं. तू माझी मान धरून वळवलीस. आत मोरपंखी चमक होती, ओल्या पत्र्यावर ऊन पडावं तशी. त्याच्यावरचा पातळ पडदा दुधावरच्या सायीसारखा सुटून आला, आणि एका ठिकाणी तेवढा चिकटून राहिला. इथून तार मेंदूत जाते, तू सांगितलंस, बाकी कुठं धरलेला नाही बघ. तेवढ्यात माझी आई आली. तिने तो दगड घासून घासून धुतला, परस शेणाने सारवलं आणि आपल्याला दोघींना न्हायला पिटाळलं. ओल्या केसांनी तू विचारत होतीस की ही तार तुटली तर परत चिकटवता येईल का. मी म्हटलं, बाई गं, बकरा मेलाय. तू म्हणालीस, “बकऱ्याचं सोड.”

पुढे हैदराबादच्या प्रयोगशाळेत तू तेच करत राहिलीस, फक्त दगडाऐवजी टेबल आलं. परदेशातल्या मासिकांत नावाचं आद्याक्षर तेवढं छापलं जाई, म्हणून अर्धे लोक तुला पुरुष समजत. दिल्लीतल्यांना पूर्ण नाव कळलं की ते विचारत, मूळच्या अलाहाबादच्या का? तू सांगायचीस, वारंगा फाट्यावरून आत. तेवढ्याने त्यांचं समाधान होई.

तुझं काम मला कळावं म्हणून तू फार कष्ट घेतलेस, आणि मी तुला शब्द पुरवण्याचं काम केलं. दृष्टिपटलात चेतापेशी असतात आणि त्यांना आधार देत उभ्या असलेल्या दुसऱ्या पेशी असतात. माशाच्या डोळ्याला इजा झाली की या आधाराच्या पेशी मागे फिरतात, पुन्हा पोरवयात जातात, दुभागतात आणि नव्या चेतापेशी घडवतात. मासा परत पाहू लागतो. उंदराच्या नि माणसाच्या डोळ्यात त्याच पेशी आहेत. पण त्या फुगतात, जखमेवर खपली धरावी तशा पसरतात आणि थांबतात. त्यांना थांब म्हणून कोण सांगतं, कसं सांगतं, आणि ते सांगणं बंद पाडलं तर काय होतं, एवढ्यावर तुझं आयुष्य गेलं. पेशी पेशीला जे कळवते त्याला मी ‘संकेत’ म्हणावं असं सुचवलं. तुला तो शब्द कवितेतला वाटला. तू ‘सांगावा’ उचललास. कुणीतरी दाराशी येऊन सांगावा देतं, दारातलं माणूस तो आत नेतं, आणि मग घरात हालचाल सुरू होते. अगदी असंच असतं, तू म्हणाली होतीस, फक्त दारात माणसाऐवजी रेणू.

माशाला जमतं ते आपल्याला का जमू नये, आपण एवढे पुढारलेले, असं मी एकदा विचारलं. तू म्हणालीस, पुढारलेपणाचीच किंमत असावी. जुळून बसलेल्या तारांमध्ये कुणी नव्याने लुडबुड करू नये म्हणून मनाई झाली असावी. ‘असावी’ हे तुझं लाडकं क्रियापद. तुझी निम्मी वाक्यं त्याच्यावर संपायची. आपल्याकडच्या व्यासपीठावर नेमकी त्यालाच जागा नाही.

हे दोघींनाही कळलं तुझ्या सत्काराच्या वेळी. उंदराच्या डोळ्यात तू काही आधारपेशींची मनाई उठवलीस आणि त्यातून मूठभर नव्या चेतापेशी निघाल्या, एवढी ती गोष्ट. इथं येईपर्यंत ती ‘हिंगोलीच्या लेकीची अंधत्वावर मात’ झाली. मंडप पडला. शाल, श्रीफळ, आणि स्मृतिचिन्ह म्हणून प्लास्टिकचा एक डोळा, जो सेलवर उघडझाप करायचा. अध्यक्षांनी जिल्ह्यात एकही आंधळा राहणार नाही अशी ग्वाही दिली, जणू हागणदारीमुक्तीनंतरची पुढली योजना. दादा फेटा बांधून बसले होते. तेव्हा त्यांना दोन्ही डोळ्यांनी दिसत होतं, डाव्याने अंधूक.

तू काय बोलणार ते मला ठाऊक होतं, कारण ते आदल्या दिवशी माझ्या स्वयंपाकघरात तयार झालं होतं आणि त्याच्यावरून आपलं वाजलं होतं. मी म्हटलं, सरळ सांग की इथं बसलेल्यांच्या हयातीत हे होणार नाही.

“मला माहीत नाही होईल की नाही. जे माहीत नाही ते ‘नाही’ म्हणून कसं सांगू?”

“समोरच्यांना तुझं ‘माहीत नाही’ ऐकूच जाणार नाही.”

“मग तो त्यांच्या कानाचा प्रश्न झाला,” तू म्हणालीस आणि माझी भाकरी करपली म्हणून मलाच ओरडलीस.

दुसऱ्या दिवशी तू अगदी मोजूनमापून बोललीस. सगळं खरं होतं. खाली उतरल्यावर एक बाई नवऱ्याला हाताला धरून तुझ्याकडे घेऊन आली. हे अजून उंदरातच आहे, तू तिला समजावलंस. तिने विचारलं, मग उंदराला दिसायला लागलं का? तू म्हणालीस, थोडंसं दिसत असावं. ती बाई किती आनंदाने गेली ते तू पाहिलंस, आणि माझ्याकडे पाहायचं टाळलंस.

दादांनी त्याच सुमाराला थेंब बंद केले. कळलं ते दिवाळीत, तू माहेरी आलीस तेव्हा. ताटाच्या डाव्या अंगाला ठेवलेला तांब्या त्यांच्या हाताने लवंडला. ते पाणी पुसता पुसता तू विचारलंस, औषध कुठंय? बाटली देवळीत होती, झाकणाचं सील न तुटलेली. तू विचारलंस, काहून बंद केलं दादा? त्यावर ते जे बोलले ते तू मला जसंच्या तसं सांगितलंस. “तू नस उगवून राहिली ना? मग हे आग करनारं पानी काहून घालू डोळ्यात?” त्यांना वाटलं होतं तुला बरं वाटेल. भावाने बहिणीच्या विद्येवर याहून जास्त विश्वास तो काय ठेवायचा!

आणि प्रयाग, सगळ्यात वाईट हे की ते तुझं कामच नव्हतं. तुझ्या उंदरांत उगवलेल्या पेशी वेगळ्या जातीच्या. दादांच्या मेल्या त्या मेंदूपर्यंत तार नेणाऱ्या. तू ज्या घराचं दार ठोठावत होतीस ते त्यांच्या शेजारचं घर होतं. हे तू मला माझ्या ओट्यावर बसून सांगितलंस. मी तेव्हा ‘मी म्हटलं नव्हतं का’ असं म्हटलं नाही. तुझ्या तोंडावर ते लिहिलेलंच होतं.

मग तू फोन सुरू केलास. रोज दिवेलागणीला. प्रयोगशाळेतून, विमानतळावरून, परदेशात असलीस तर तिथलं घड्याळ इथल्याशी जुळवून. फोन आला की दादा बाजेवर आडवे होणार, फोन छातीवर ठेवणार आणि थेंब टाकणार. थेंब टाकल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दाबून धरायचा असतो. तेवढ्या वेळात तू त्यांना उंदरांची खबर द्यायचीस आणि ते तुला गावची. इकडं हळद शिजली, तिकडं एका पिंजऱ्यातल्या उंदरांनी काही उत्तर दिलं नाही. इकडं म्हैस आटली, तिकडं मशीन बिघडलं. मी एकदा तिथं बसून ऐकलं आहे. इतका समतोल संवाद मी विधानसभेतही ऐकला नाही.

पण मी तुला तेव्हाच म्हटलं होतं, थेंब फोनला बांधू नकोस. वहिनींना शिकव, घड्याळाला बांध. सांगावा थांबला की पेशीचं काम थांबतं, हे तुझंच शास्त्र. तू हसलीस. मी कुठं चाललेय, म्हणालीस. आणि नस उगवणार नाही हे त्यांना सरळ सांगून टाक, हेही मी दर वेळी म्हणायची, आणि दर वेळी तू म्हणायचीस, सांगेन. रिटायर होऊन आले की समोर बसून सांगेन, फोनवर नाही. एकदाच तू वेगळं उत्तर दिलंस. नांदेडहून गाडी पकडायची होती, घाईत होतीस, चपला घालता घालता म्हणालीस, “आज त्याला नाही म्हटलं तर उद्या फोन करून काय सांगू?”

मला तेव्हा तुझा राग आला होता. आता ते वाक्य माझ्यापासून हलत नाही. दादांची आशा तू राखत होतीस असं मी धरून चालले होते. राखण दुसऱ्या बाजूनेही चालली होती, हे माझ्या ध्यानात आलं नाही. रोज संध्याकाळी तुझ्या नापास प्रयोगांची विचारपूस करणारं, आणि त्यातून काहीतरी निघेल असं पुरतं धरून चालणारं दुसरं कोण होतं तुला? मी तर होते ती शंका काढायला. शंकेकरता तुझ्याकडे आधीच माणसं होती, पगारी.

तुझ्याकडून मी एक गोष्ट घेतली, ती तुला सांगायची राहिली. वर्गात मुलं एखाद्या ओळीचा अर्थ विचारत आणि मला ठाऊक नसे, तेव्हा मी पूर्वी काहीतरी भारदस्त बोलून वेळ मारून न्यायची. तुझ्या संगतीत मी ‘माहीत नाही’ म्हणायला लागले. मुलांना सुरुवातीला वाटलं की बाई आजारी आहेत. मग ती स्वतः शोधायला लागली. हे तुझं देणं आहे, आणि ते मी तुझ्याशीच भांडताना सोयीने विसरत असे.

काल मी दादांकडे गेले. एसटीने वारंगा फाटा, तिथून रिक्षा. घरापुढच्या खळ्यावर शिजवलेली हळद पसरलेली होती आणि वहिनी ती हाताने खालीवर करत होत्या. दादा बाजेवर. वहिनींनी मला बाजूला घेऊन सांगितलं की त्या थेंब टाकायला जातात तर ते डोळाच उघडत नाहीत. “फोन यील म्हनत्यात. आता कुठून यील, तुमीच सांगा.” दादांना ऐकू गेलं असणार. ते उठून बसले, मान वळवून मला त्या फटीत आणलं, आणि म्हणाले, “ताई, एक इचारतो. तिचं काम कुठवर आलं व्हतं? तिच्या हाताखालची पोरं करतील ना पुढं?”

करतील, मी म्हटलं.

“मंग माझी नस?”

हे वाक्य मी तुझ्यासाठी कितीदा तयार केलं होतं! तुझ्या तोंडी घालायला मला ते फार सोपं वाटायचं. समोर तो डोळा असताना सोपं नव्हतं. मी म्हटलं, “दादा, तुमची नस उगवणार नाही. तुमच्या हयातीत तरी नाही. प्रयागला ते ठाऊक होतं. ती येऊन तुम्हाला सांगणार होती.”

वहिनींचा हात हळदीत थांबला. दादा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते खरोखरच बुचकळ्यात पडले होते.

“मंग इतकी वर्सं ती काय करून राहिली व्हती?”

शोकसभेतल्या एकालाही हा प्रश्न पडला नव्हता. मी म्हटलं, का उगवत नाही, ते शोधत होती.

“सापडलं?”

“थोडं.”

त्यांनी मान हलवली. मासोळीचं तिनं सांगितलं होतं, ते म्हणाले. खळ्यावर चिमण्या उतरल्या, वहिनींनी त्या हाकलल्या नाहीत. मला वाटत होतं की आपण एका माणसाकडची शेवटची वस्तू काढून घेतली आणि तीही तिच्या मालकिणीला न विचारता. हे तू करायला हवं होतंस. तू किती वेगळं बोलली असतीस, कुठं थांबली असतीस, कुणास ठाऊक. कदाचित तू बोललीच नसतीस, आणि तेही चुकलं असतं असं आज मला छातीवर हात ठेवून म्हणवत नाही. आपलं भांडण असं अर्धं टाकून गेलीस, त्याचं मला फार वाईट वाटतं. मी ते जिंकले नाही. तू मैदान सोडून गेलीस, एवढंच.

मग त्यांनी विचारलं, थेंब टाकले तर हे उरलंय ते तरी राहील का?

मी हो म्हणायला तोंड उघडलं होतं. सांत्वनाला आलेलं माणूस हो म्हणतं. पण माझ्या तोंडून निघालं, “माहीत नाही, दादा. राहावं. नाही टाकले तर मात्र जाणार, ते नक्की आहे.”

“टाका मंग,” ते म्हणाले आणि आडवे झाले.

माझा पहिला थेंब गालावर पडला. दुसरा आत गेला. त्यांनी डोळा मिटला, कोपरा बोटाने दाबला आणि तसेच पडून राहिले, आणि मला उशिराने उमगलं की ते कुणीतरी बोलण्याची वाट बघत आहेत. मला तुझ्या उंदरांची काही खबर नव्हती. मी बाटलीचं झाकण लावत बसले. मग वहिनीच म्हणाल्या की उद्या हळदीच्या पॉलिशला मशीन येणार आहे, पण पोती कमी पडतील. दादा मिटल्या डोळ्यांनी म्हणाले, कमी काहून पडतील, मागच्या सालची आहेत ना माळ्यावर. त्यावर दोघांचं जरा लागलं. पोती उंदरांनी कुरतडली होती म्हणे.

बोट काढल्यावरही त्यांनी डोळा लगेच उघडला नाही. मी बाटली वहिनींच्या हळदीने पिवळ्या झालेल्या हातात दिली. त्यांनी ती पदराने पुसली आणि नवऱ्याला विचारलं की रोज किती वाजता टाकायचे.

“फोन यायचा त्याच टायमाला,” दादा म्हणाले.